रिकाम्या ट्रकची उंची

साडूच्या दांड्याचं कौतुक ऐकून ऐकून मेस्त्रींचे कान किटले होते. कारखान्यात तेच, घरी तेच. ट्रकच्या बॉड्या बांधण्यात मेस्त्रींची तीस वर्षं गेली. साडू नकाशे काढायला आला त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. आणि बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून त्याला इथे चिकटवला होता तो खुद्द मेस्त्रींनीच.

दांडा म्हणजे ट्रकच्या मागे, खालच्या बाजूला आडवा बसवायचा लोखंडी पाइप. छोटी गाडी मागून धडकली की सरळ ट्रकखाली शिरते. बॉनेट जसंच्या तसं राहतं आणि ट्रकचा मागचा फाळका काच फोडून माणसांच्या तोंडावर येतो. साडूने चांगला जाड पाइप घेतला आणि नेहमीपेक्षा वीतभर खाली, नेमका बॉनेटच्या समोर येईल असा बसवला. मालक खूश. धडक देऊन बघायची आणि साठ ट्रकांना लावायचा, असं ठरलं.

"तुमच्या कसं डोक्यात नाही आलं हो हे?" बायको म्हणाली. "तीस वर्षं ट्रकची मागची बाजूच तर बघताय."

"आमच्या डोक्यात नट-बोल्ट असतात," असं म्हणून मेस्त्री ताटावरून उठले.

मंगळवारी सगळे जेवायला गेले असताना त्यांनी गुपचूप टेप लावून पाहिली. उंची नकाशाबरहुकूम होती. तरी काहीतरी खुपत होतं. मग त्यांचं लक्ष हौद्यातल्या वाळूच्या पोत्यांकडे गेलं. मापं भरल्या ट्रकवर घ्यायची, ही इथली पद्धत. ट्रक काय हवा खायला फिरतो का, असं म्हणत मेस्त्रींनीच ती पाडली होती. पण माल उतरवून परत येताना ट्रक रिकामाच असतो. मागच्या स्प्रिंगचे पाटे मोकळे होतात, हौदा वर उठतो, आणि त्याच्याबरोबर दांडाही.

मेस्त्रींनी टेप खिशात टाकली. आठवड्याभरात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं. चाचणीत गाडी खाली शिरेल, मालक स्वतः बघतील. आपण कशाला तोंड उघडायचं?

शुक्रवारी जुनी, रिकामी गाडी तारेने ओढून ट्रकवर सोडली. धाडकन आवाज झाला. बॉनेटची घडी झाली, पण काच शाबूत, गाडी बाहेरच. टाळ्या पडल्या. मेस्त्रींनी वर पाहिलं. पोती हौद्यातच होती. चाचणीसुद्धा भरल्या ट्रकवरच घेतील, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"सोमवारपासून लावायला घ्या," मालक साडूच्या पाठीवर थाप मारत म्हणाले.

आता बोलावं तर सगळे म्हणणार, मेस्त्री जळतोय. आणि त्यात खोटं तरी काय होतं? पण साठ ट्रक.

"पोती उतरवा," मेस्त्री म्हणाले.

वेल्डर फिदीफिदी हसला. "मेस्त्री, आजचा दिवस तरी साडूंना सुखाने जगू द्या की."

कोणी हललं नाही. मेस्त्री स्वतःच हौद्यात चढले आणि पोती खाली लोटू लागले. चौथ्या पोत्याला धाप लागली, तेव्हा साडू वर आला. "साडूभाऊ, कंबर धरेल. सरका." मेस्त्रींना ते पोत्यापेक्षा जड गेलं.

शेवटचं पोतं उतरलं. मालकांनी आपली छोटी गाडी हळूहळू पुढे आणली, तसं तिचं बॉनेट दांड्याखाली अलगद सरकलं. हसणं थांबलं.

"कधी लक्षात आलं तुमच्या?" साडूने विचारलं.

'आत्ताच' हा शब्द मेस्त्रींच्या ओठांवर तयार होता.

"मंगळवारी," ते म्हणाले. "म्हटलं, चारचौघांत तुमची फजिती होईल. झाली नाही."

मालक खाकरले. वेल्डर बुटांकडे बघू लागला. साडू ट्रकमागे उकिडवा बसून दांडा न्याहाळू लागला.

"अजून खाली घेतला तर भरल्या ट्रकचा चढावर घासेल," तो म्हणाला.

"घासेलच." चार दिवस मेस्त्री मनातल्या मनात याच भिंतीवर डोकं आपटत होते.

"मग बिजागरीवर टांगू. ट्रक पुढे जाताना घासला तर मागे झुलेल. पुढच्या बाजूला अडण लावायची, म्हणजे मागून धडक बसली तर हलणार नाही." साडू उठला. मेस्त्रींकडे त्याने पाहिलं नाही. "बिजागरी तुम्हीच घडवा. तुमच्या हातासारखा हात इथे दुसरा नाही. माप मात्र मी घेणार. भरल्याचं आणि रिकाम्याचं."

"घडवतो," मेस्त्री म्हणाले.

एवढं साधं! आणि याला पाच मिनिटंही लागली नाहीत. मेस्त्रींचा पुन्हा जळफळाट झाला.

"पिन किती जाडीची हवी तेवढं सांगा," ते तुटकपणे म्हणाले आणि टेप त्याच्या हातात दिली.