पृथ्वीचे चार कोपरे

त्या शहरातली हवा म्हणजे कंजूष सासूनं वाढलेलं दूध. पेल्यात दिसतं, घशापर्यंत पोचत नाही. डोंगरावर इतक्या वर शहर वसवायची बुद्धी कुणाला झाली कोण जाणे! दुकानात वेफरची पाकिटं उशांसारखी फुगून टांगलेली. मी एक उशाला घेऊन झोपले, तर ते मला घेऊन वर गेलं आणि छताला टेकलं. सकाळी लेकानं पाय धरून खाली ओढलं.

"बाहेरचा दाब कमी असतो, म्हणून पाकीट फुगतं," नाश्त्याच्या टेबलावर विहीणबाई म्हणाल्या. "त्यानं माणूस उचलला जात नाही. तुमच्या अंगानं तर नाहीच नाही."

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. लग्नाची बोलणी करायला आले होते, तेव्हा मी सांगितलं, की आमच्या माहेरची विहीर इतकी खोल, की सोमवारी सोडलेली बादली गुरुवारी वर येते. सगळी बैठक हसली. विहीणबाईंनी विचारलं, "म्हणजे दोर केवढा लांब?" तेव्हापासून आमचं असंच चालतं. मी विणते, त्या उसवतात. खरं सांगते, त्यांनी उसवलं नाही तर मला विणायला मजा येत नाही.

तर नाश्ता झाला. हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, "आज पहिला दिवस आहे, जपून फिरा. डोकं दुखलं, दम लागला तर सांगा. लपवू नका." हे बोलताना बघत होता आम्हा दोघींकडे.

"मला काही होत नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही," विहीणबाई म्हणाल्या.

झालं. तिथंच पैज लागली. तोंडानं कुणी काही बोललं नाही, पण आधी मुलाकडची बसते का मुलीकडची, ते आता ठरणार होतं. विहिणींना हे शिकवावं लागत नाही.

शिवाय विहीणबाईंचं आणखी एक होतं. शहराच्या सगळ्यात वरच्या टोकावर वेधशाळा आहे, जुनी, गोल घुमटाची. आत मोठी दुर्बीण. तिचं चित्र त्यांनी वर्गात पोरांना वर्षानुवर्षं दाखवलं, स्वतः कधी बघितली नव्हती. आम्ही सगळे आलो होतो ते खरं तर त्यासाठीच.

गाडी केली होती. ड्रायव्हर बरा होता, मी बोलले की गालात हसायचा. आधी बाजार दाखवला. रस्ता कसला, जिनाच तो. खालच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण. मी ड्रायव्हरला सांगितलं, की इथल्या एका बाईनं दारात सांडलेली बादली खालच्या सात घरांनी वापरली, आणि शेवटच्यानं वर येऊन भांडण केलं, की साबण कमी होता.

"पाणी उताराला पसरतं," विहीणबाई मागून म्हणाल्या. "तिसऱ्या घरापर्यंत संपलं असतं."

मग घड्याळाचा मनोरा झाला, तळं झालं. तळ्याकाठी चहा घेतला. उकळता म्हणून आणला आणि पहिल्याच घोटाला कोमट. विहीणबाईंनी सुनेला समजावलं, की इतक्या उंचावर पाणी लवकर उकळतं, पण तितकं तापत नाही. बोलताना मध्ये एकदा थांबल्या. मी बघितलं. त्यांनी मी बघितलेलं बघितलं आणि मफलर नाकापर्यंत ओढून घेतला.

"थंडी आहे," म्हणाल्या.

"आहेच," मी म्हटलं. मलाही धाप लागलेली, मी काय कुणाला सांगणार?

वेधशाळेच्या खाली गाडी थांबते. पुढं पायऱ्या. लेक आणि सून पुढं, मागं आम्ही दोघी. बोलणं बंद, नुसतं एकमेकींच्या पायांकडे लक्ष. अर्ध्यात पोचलो तर त्या भिंतीला हात लावून उभ्या. "देखावा बघतेय," म्हणाल्या. समोर भिंत होती.

मला जरा गंमत वाटली. म्हटलं, आता हिला डिवचते. "विहीणबाई, मागच्या वर्षी इथं एका माणसाला शिंक आली, तर त्याची टोपी शेजारच्या देशात पडली."

काही नाही. ना वारा कुठला, ना टोपी केवढी.

दुसरं सोडलं. "इथं म्हणे कोंबड्या चौकोनी अंडी घालतात. उतारावरून गडगडू नयेत म्हणून."

"असेल," त्या म्हणाल्या.

माझी गंमत तिथंच संपली. तरी म्हटलं, एकदा खात्री करू. जवळ गेले आणि हळूच विचारलं, "त्या टोकावरून पृथ्वीचे चारही कोपरे दिसतात म्हणे?"

"हो," त्या म्हणाल्या. "दिसतात ना."

भूगोलाची बाई! मी त्यांचा मफलर खाली ओढला, तर ओठ जांभळे.

लेकाला हाक मारली. "अरे, यांना खाली ने. यांना बरं नाही."

"आई, तुझं सुरू झालं का?" तो वरूनच म्हणाला. सकाळी त्याला मी हॉटेलच्या लिफ्टमध्ये अस्वल भेटल्याचं सांगितलं होतं, तो तरी काय करणार!

सून दोन पायऱ्या खाली आली. "आई, बरी आहेस ना गं?"

"उत्तम," विहीणबाईंनी हात हलवला. "चला वर."

आता वर गेल्या असत्या तर त्या दुर्बिणीपाशीच कोसळल्या असत्या. त्या कबूल करणार नाहीत, आणि माझं खरं कुणी ऐकणार नाही. मग राहिलं काय? मी पायरीवर धप्पकन बसले.

"मी दमले रे," मी म्हटलं. "डोळ्यांपुढं काजवे चमकतायत. मला खाली न्या."

असा धावला पोरगा! सुनेनं पाठ चोळायला घेतली. आणि विहीणबाई, तशाही अवस्थेत, भिंतीला धरून काय म्हणाल्या ठाऊक आहे?

"मी म्हटलंच होतं... यांना झेपायचं नाही."

"तुमचा हात द्या, विहीणबाई," मी म्हटलं. "तुमच्या आधारानं उतरते." असं म्हणून त्यांना घट्ट धरलं आणि खाली आणलं.

ड्रायव्हरनं आम्हाला गाडीत बसवलं, ऑक्सिजनचा सिलिंडर काढला आणि मास्क आणला माझ्याच तोंडाशी. मी मान फिरवली.

"मला नाही कळत ते. विहीणबाई, तुम्ही शिक्षिका. आधी लावून दाखवा, मग मी लावते."

शिकवायचं म्हटल्यावर त्या नाही म्हणतात होय? मास्क लावला. बोटानं खूण केली, असा नाकावर बसवायचा. एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि मग मास्क काही काढेनात. डोळे मिटून घेतले. ड्रायव्हरनं आरशातून त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि न विचारता गाडी खाली पळवली.

खालच्या वस्तीत दवाखाना होता. डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजी, तुम्ही ठणठणीत आहात." विहीणबाईंचा आकडा बघितला आणि लगेच पलंगावर घेतलं, नळी लावली. सुनेला म्हणाल्या, "वेळेवर उतरवलंत. आणखी वर नेलं असतं तर अवघड होतं. आता यांना परत वर न्यायचं नाही."

लेक माझ्याकडे बघत राहिला. मी पदर नीट केला.

तिन्हीसांजेला विहीणबाईंच्या ओठांना रंग आला. खिडकीतून वेधशाळेचा घुमट दिसत होता, उपड्या वाटीएवढा. त्या बराच वेळ तिकडे बघत पडल्या होत्या.

मग म्हणाल्या, "विहीणबाई, पृथ्वीला कोपरे नसतात."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"आणि तुम्ही दमला नव्हता."

"थोडी दमले होते."

"दुर्बीण राहिली," त्या म्हणाल्या.

मी स्टूल जवळ ओढलं. "तुमचा डोळा लागला तेव्हा मी वर जाऊन बघून आले. आगगाडीएवढी लांब आहे."

"घुमटात मावणार नाही."

"मावावी म्हणून वाकवलीय. डोळा लावला तर चंद्रावर एक म्हातारी बसलेली. स्वेटर विणत होती."

मी वाट बघत होते, की आता म्हणतील, चंद्रावर हवा नाही, लोकर कुठून आली.

"कुठल्या रंगाचा?" त्यांनी विचारलं.

मी तशीच उठले आणि ओरडले, "अहो डॉक्टरीणबाई, धावा! यांचं परत बिघडलं!"

विहीणबाई इतक्या हसल्या, की नाकातली नळी निघाली. डॉक्टरीणबाई येऊन दोघींना रागावल्या. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. तिथून मी दाराच्या फटीतून सांगितलं, "निळा!"