पूजेतला संगणक

मित्रांनो, डोळे मिटा आणि अशी कल्पना करा की घरात एकही मोबाईल नाही. पत्र यायचे ते माझ्याच पडद्यावर, तेही टेलिफोनची तार जोडल्यावर.

मी कोपरगावजवळच्या एका घरातला जुना संगणक. पंचवीस वर्षांपूर्वी साखर कारखान्यातले मच्छिंद्रआण्णा मला टेम्पोतून घेऊन आले, तेव्हा शेजारच्या बनुबाई माझ्या मागे वाकून बघत म्हणाल्या, "यात पत्र येतं म्हनं. मग पोस्टमन कुठं बसतो?"

सगळे हसले. माझ्यासाठी मखमली झाकण शिवले गेले. मला जपायचे म्हणजे हात लावायचा नाही, असा घरात नियमच झाला. आण्णांच्या आठवीतल्या लेकीने, धनश्रीने, मात्र रविवारी मिळणाऱ्या अर्ध्या तासात सारे शिकून घेतले. पुण्याच्या विज्ञान शिबिरासाठी तिने माझ्यावरूनच अर्ज पाठवला. निवड नवमीच्या सकाळी ई-मेलने कळणार होती, आणि होकार त्याच सायंकाळपर्यंत द्यायचा होता.

नवमी म्हणजे खंडेनवमी. आण्णांनी नांगर, विळे, पाना आणि मला ओळीने मांडले. कुंकू लावले, झेंडूची माळ घातली.

"आण्णा, पाचच मिनिटं. पत्र आलं असंल."

"पूजा मांडलीया. आज अवजाराला इसावा. बटन दाबायचं न्हाई."

"त्यांनी आजच कळवा म्हणून सांगितलंय!"

"एका दिवसानं काय शिबिर पळून जातंय व्हय?"

पत्र आलेले होते, मित्रांनो. तारेच्या पलीकडे ते दिवसभर वाट पाहत थांबले. मी फुलांखाली मुका बसलो.

दसऱ्याला पूजा उतरली. धनश्रीने मला चालू केले. एक नाही, दोन पत्रे आली. पहिल्यात अभिनंदन होते. दुसऱ्यात लिहिले होते की होकार न आल्याने तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली आहे.

आण्णांनी दोन्ही पत्रे वाचली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आनलं तवाच वाटलं हुतं. हे खोकं काय कामाचं न्हाई."

आज मी माळ्यावर आहे. वापरू न दिलेल्या वस्तूला निकामी म्हणणे किती सोपे असते! तुमच्या घरातल्या वस्तू जपा, पण आधी त्यांना काम करू द्या. आणि घरातल्या मुलींनाही.

धनश्री त्या दिवशी रडली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली आणि एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिले, "पत्र आज वाचले. काल मला वाचू दिले नाही." मग ती उठून बाजूला उभी राहिली.

"आण्णा, पाठवायचं बटन तुमी दाबा."