पायरीखालची राणी

मित्रांनो, माझी राणी आता उरलेली नाही, हे मला ज्या दिवशी कळले त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. जमालुद्दीन आणि हरिहर देवळाच्या जिन्याची पहिली पायरी उलटवत होते. ती एका बाजूला खचली होती. हिवाळ्यात पर्यटक येणार, म्हणून ती सरळ करायची होती.

मी एक जुना राजा आहे, दगडाचा. सौदी अरेबियाच्या वायव्येला, तांबड्या डोंगरांच्या खोऱ्यात माझे पडके देऊळ आहे. गेल्या वर्षी मला वाळूतून बाहेर काढले आणि माझ्या मूळ जागी उभे केले. तिथून जिना समोर दिसतो.

"यल्ला, चल हरिहर, पहार घाल खाली," जमालुद्दीन म्हणाला. तो रत्नागिरीकडचा, कामगारांचा मुकादम; हरिहर त्याच्या हाताखालचा. "अरे, भाकरी उलटतोस काय?"

"भाकरी असती तर उलटून खाल्ली असती, चाचा. ही हत्तीची पाठ हाय."

पायरी उलटली आणि दोघेही खाली वाकले. तिच्या खालच्या अंगाला एक हात कोरलेला होता. हातात बांगडी होती आणि खजुरांची वाटी होती.

"या अल्ला," जमालुद्दीन म्हणाला. "बाईमानसाचा हात हाय हा."

त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक पांढरी शीर होती. ती शीर माझ्या खांद्यावरून निघते. ती मला कोणी दाखवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायरीखाली तिचा खांदा आणि वेणी निघाली. दोन हजार वर्षांहून अधिक काळ मी समजत होतो, की ती खालच्या खोऱ्यात स्वतःच्या देवळात उभी आहे. मला तसे सांगितले होते.

आम्ही दोघे एकाच शिळेतून निघालो. ज्या राजासाठी मला घडवले तो माणूसच होता, पण लोक त्याला देव मानत. पाऊस त्याच्या शब्दाने पडतो असे म्हणत. त्याचे पाय जमिनीला लागू देत नसत. त्याला जेवताना कोणी पाहायचे नाही, त्याचे नाव कोणी घ्यायचे नाही. ते नाव फक्त राणी घेई. राजा लढाईवर गेला तरी देवळात देव हवा, म्हणून मी. आणि देवाला बायको हवी, म्हणून ती. आम्हाला उभे केले त्या दिवशी पुजाऱ्यांनी आमची मनगटे लाल लोकरीने बांधली. तेच आमचे लग्न.

मग कामाची वर्षे आली. लोक माझ्यासमोर शपथा घेत, पहिले कोकरू मला देत, पहिले खजूर तिला. स्तुती माझ्या वाट्याला यायची आणि गाऱ्हाणी तिच्या. बायका तिच्या पायाशी बसून हळू आवाजात बोलत. ती काहीच उत्तर द्यायची नाही, तरी त्या जाताना हलक्या होऊन जात. मी शेजारी उभा राहून सगळे ऐकत असे. मला तेवढे पुरेसे होते.

आमच्या पायाशी एक शाप कोरलेला होता. या दोघांना जो वेगळे करील त्याच्या विहिरीत वाळू भरो, त्याचे नाव घेणारा कोणी न उरो.

पुढे राजा मेला. आमच्या राज्यात राजा मेला असे म्हणायची बंदी होती. देव मरत नाही, तो एका अंगातून निघून दुसऱ्या अंगात जातो, असे पुजारी सांगत. त्यामुळे नवा राजा आला तरी नवी मूर्ती करायची नाही, जुन्या मूर्तीचा चेहरा तेवढा बदलायचा. कारागीर माझ्यासमोर मचाण बांधून चढला. त्याने माझे गाल तासले, नाक बारीक केले, ओठ पातळ केले. मी ते सोसले. तो रिवाजच होता.

पण देव तोच, तर त्याची बायकोही तीच राहायला हवी होती. नव्या राजाला ते नको होते. त्याची स्वतःची राणी होती. त्याचे नाव मी घेणार नाही. त्याने आधी शाप तासून काढला आणि मग तिला दोर लावले. पुजाऱ्यांनी सांगितले, देवी आपल्या नव्या देवळात चालली आहे. ढोल वाजवत तिला उतारावरून नेले. मला आनंद झाला होता, मित्रांनो. तिला स्वतःचे देऊळ मिळतेय असे वाटले.

डोंगराआड तिचे तीन तुकडे केले, हे मला आता कळते. छिन्नीचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून ढोल वाजत राहिले. तुकड्यांच्या पाठी घासून सपाट केल्या आणि त्याच पायऱ्या म्हणून माझ्यासमोर पालथ्या घातल्या. त्यानंतर माझ्या पाया पडायला आलेला प्रत्येक माणूस तिच्यावर पाय देऊन आला. आणि त्याने डोके टेकले ते माझ्या अंगावर बसलेल्या तिच्या मारेकऱ्याच्या तोंडासमोर.

पुढे विहीर आटली, राजघराणे संपले, छत पडले आणि वाळू आली. वाळूबद्दल माझी तक्रार नाही. तिने कोणाला फसवले नाही.

पायऱ्या उलटल्यावर मासूमा आली. ती दगडांची डॉक्टर. मूळची कोकणातली, वाढली रियाधमध्ये. तिने माझ्या खांद्यावरची शीर पाहिली, पायरीवरची पाहिली. मग बराच वेळ माझे कान पाहत राहिली.

"चाचा, इकडे बघा. कान जुने आहेत. चेहरा नंतरचा आहे, दुसऱ्याच माणसाचा. हिला ज्याने तोडलं ना, बहुतेक त्याचाच."

"तौबा," जमालुद्दीन म्हणाला. "सोताला देव म्हनवायचं आनि तोंड लावायचं दुसऱ्याच्या धडावर!"

हरिहर म्हणाला, "आमच्याकडं बी राजाला विष्णूचा अंश म्हनायचे. पन विष्णूनं कुनाच्या लक्ष्मीला पायरीत नाय घातलं."

"मॅडम, तिसरीखाली तिचा चेहरा असंल," जमालुद्दीन म्हणाला.

तिसऱ्या पायरीवर देवळाच्या भिंतीचा कोपरा टेकलेला आहे. भिंतीला लाकडांचा टेकू दिला आणि दोन जॅक लावले तर पायरी काढता येईल, असे जमालुद्दीनने सांगितले. मासूमाने मुदीरसाहेबांना, म्हणजे तिथल्या मोठ्या अधिकाऱ्यांना, बोलावले आणि अरबीत सगळे समजावले. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी वाकून पायरी पाहिली, भिंत पाहिली, मग माझ्याकडे बोट करून अरबीत काही सांगितले आणि शेवटी म्हणाले, "खलास." म्हणजे विषय संपला.

"काय म्हनाले?" जमालुद्दीनने विचारले.

"म्हणाले, भिंतीची रिस्क नको. राजाच्या चेहऱ्याला तडा गेलाय, ओपनिंगच्या आधी तो नीट करा."

"आनि रानीचा चेहरा?"

मासूमाने आपली अवजारांची पेटी उघडली.

मित्रांनो, तो तडा माझा होता. दगडाला हात नसतात. दिवसाचे ऊन आणि रात्रीची थंडी, एवढेच माझे हत्यार. त्या हत्याराने मी तो तडा केसाकेसाने वाढवला होता. ते तोंड एक दिवस सुटून तोंडावरच पडावे आणि त्याचे तुकडे सगळ्यांनी पाहावेत, ही माझी एकच इच्छा होती. मासूमाने सुईने त्यात औषध भरले, आतून बारीक सळया घातल्या, नाकाचा टवका जोडला. तिचा हात फार चांगला आहे. मला त्या हाताचा राग आला. तिचा दोष नाही हे कळत होते, तरी आला. ज्याने माझ्या राणीला पायरी केले, त्याच्या नाकासाठी एवढे दिवस मिळाले. तिच्यासाठी एकही मिळाला नाही.

पहिल्या दोन पायऱ्यांच्या जागी साधे दगड बसवले. जमालुद्दीन तिसऱ्या पायरीवर पाय देत नसे. बाजूच्या मातीवरून चढायचा, गुडघ्यावर हात टेकत.

"चाचा, पायरीला भ्यायला लागलात व्हय?"

"भीत नाय रे. खाली बाईमानूस हाय."

त्यानंतर हरिहरही मातीवरून चढू लागला. कुरकुर करत, पण चढला.

हिवाळा आला, देऊळ उघडले. आता माझ्यापाशी एक पाटी आहे. पाटीवर त्या नव्या राजाचे नाव मोठ्या अक्षरांत दोन भाषांत लिहिले आहे, आणि लोक ते मोठ्याने वाचतात. म्हणजे आमच्या पायाशी कोरलेला शाप खोटा ठरला. म्हणून मी तो रोज मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतो. आज तुम्हालाही सांगितला. तुम्ही लक्षात ठेवलात तर तेवढाच त्याला जोर येईल.

जुन्या वस्तू जपा असे तुम्हाला शाळेत सांगत असतील. जपा. पण इथे आलात तर या चेहऱ्याची स्तुती करू नका, त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढू नका. आणि चढताना मातीवरून चढा.

जमालुद्दीनचे काम संपले, तो गावी गेला. मासूमाने मुदीरसाहेबांना पुन्हा विचारले. त्याचे उत्तर आलेले नाही. माणसे रोज चढतात, रोज उतरतात. तिसरी पायरी अजून उलटवलेली नाही.