सोल्डरचा जास्तीचा थेंब

पडलो तरी नाक वर, हा प्रदीपचा पिंडच. त्याचा जिवाभावाचा मित्र धर्मेश तीन वर्षांपूर्वी बोईसर सोडून मुलीकडे राजकोटला गेला. जायचं ठरवताना आपल्याला विचारलंसुद्धा नाही, म्हणून प्रदीप निरोप द्यायला स्टेशनवर फिरकला नाही. दोघांनी तारापूरच्या एकाच कारखान्यात जन्मभर पाळ्या केलेल्या. हौशी रेडिओचा, म्हणजे घरबसल्या रेडिओवरून दूरच्यांशी बोलण्याचा, परवानाही बरोबरच काढलेला.

रोज सकाळी साडेसातला धर्मेश राजकोटहून रेडिओवर येई, चारचौघांशी गप्पा मारी. इकडे बोईसरजवळच्या बेटेगावात प्रदीप कान देऊन ऐके आणि गप्प बसे. कुणी विचारलं तर म्हणे, माइकची वायर तुटलीय. वायर तुटली होती हे खरं, पण ती जोडायला दहा मिनिटं पुरली असती.

आज धर्मेशचा आवाज खोल गेलेला वाटला. मध्येच खोकलाही आला. प्रदीपने मुकाट्याने सोल्डर गन तापवली आणि चष्मा न शोधताच माइकच्या गोल प्लगात बारीक वायरी चिकटवल्या. सोल्डरचा, म्हणजे वितळलेल्या कथलाचा, एक थेंब जरा जास्तच पडला आणि शेजारच्या पिनेला जाऊन भिडला. प्लग रेडिओत खोचला मात्र, धर्मेशचा आवाज बंद!

"घ्या! होता तो आवाज पन घालवला," त्याची बायको हंसा म्हणाली.

"जाऊ दे. मला कुठं त्याच्याशी बोलायचंय?"

"मंग तीन वरसं रोज सकाळी कान लावून कोन बसतंय?"

प्रदीपचा बांध फुटला. "मी बसतो! त्याचा आवाज आयकल्याबिगर मला चहा गोड लागत नाय. रागात स्टेशनवर गेलो नाय, ते आजून खातंय मला. पन त्याला सांगू कुठल्या तोंडानं?"

"अवो, हा लाल दिवा कशाला पेटलाय?"

प्रदीप दिव्याकडे वाकला. लाल दिवा म्हणजे रेडिओ ऐकत नव्हता, बोलत होता. त्या थेंबाने माइकचं बटण दाबून धरल्यासारखं झालं होतं आणि त्याचा शब्द न् शब्द राजकोटला पोचला होता. त्याने प्लग उपटला.

खरखर झाली. मग धर्मेश बोलला, "परद्या, डहाणू येईपर्यंत मी गाडीच्या दारातच उभा होतो रे त्या दिवशी."

प्रदीपचे डोळे भरून आले. आता दुरुस्तीपुरताही धीर नव्हता. त्याने तोच बिघडलेला प्लग परत खोचला. बोलता येणार होतं, ऐकता येणार नव्हतं.

"धर्मा, परत ये. आमच्याकडंच ऱ्हा," तो म्हणाला.

आता प्लग काढला की उत्तर ऐकू येणार होतं. त्याने प्लग मुठीत धरला, पण काढायला हात धजेना.