पडलेला दात

कॉलेजातली पहिल्या वर्षाची पोरं तिला पाठीमागे कवटीबाई म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. माणूस कुठून आला, कसा घडला, त्याची हाडं काय बोलतात, हे शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय नाव पडणार! चुकीच्या उत्तराला तिनं जन्मात कधी अर्धा गुण दिला नव्हता. पोरं रडोत की पालक येऊन बसोत, बाई ढिम्म.

त्या सकाळी मात्र नवऱ्यानं तिला दारातच अडवलं. प्रयोगशाळेतले दुधाचे दात कुणा धांदरटानं धुताना बेसिनमध्ये घालवले होते. प्लॅस्टिकच्या दातांवर हवी ती खूण दिसत नव्हती, म्हणून तिनं त्याच्या दाढीच्या सामानातली डबी उचलली होती. डबीत ठकीचा दात होता. ठकी त्यांची एकुलती एक लेक. हा पहिला दात पडला आणि वर्षाच्या आत तापाचं निमित्त होऊन ती गेली.

"तो नको नेऊस," नवरा म्हणाला.

"अहो, एका तासाचं काम. नमुना म्हणून..."

"नमुना म्हणू नकोस त्याला."

"संध्याकाळी परत आणते."

"तुझं काळीज कशाचं आहे गं? ती गेली तेव्हाही आठवड्याच्या आत वर्गावर उभी होतीस."

हे वाक्य तो वर्षानुवर्षं गिळत आला होता. आज सुटलं तोंडातून. घरात बसले असते तर मला वेड लागलं असतं, एवढंच तिला सांगायचं होतं. पण तेव्हा जे सांगितलं नाही ते आता कोणत्या तोंडानं सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ. ती डबी घेऊन निघून गेली.

वर्गात तिनं नेहमीचंच सांगितलं. माणसाचं बालपण लांबलचक. चिंपांझीच्या पिलाला पहिली पक्की दाढ तीन-चार वर्षांची असताना येते, आपल्या पोरांना सहाव्या वर्षाच्या आसपास. "आपण उशिरा वाढतो, उशिरा शहाणे होतो. काही जण तर होतच नाहीत," असं म्हणून तिनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं. पोरं हसली. मग तिनं टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक, लहानपणीच गेलेल्या कुणा मुलाच्या जबड्याची प्रतिकृती, आतली मुळं दिसतील अशी बाजूनं उघडी केलेली. आणि दुसरा, डबीतला दात.

एक मुलगी भिंग घेऊन वाकली. "मॅडम, या सुट्या दाताला मूळच नाही. विरघळलंय. म्हणजे खालून पक्का दात येत होता. खालचा पुढचा दात आहे, मूल सहाएक वर्षांचं."

"बरं. पुढे?"

"जबड्यातलं मूल तिथंच थांबलं. त्याचे दात मुळांसकट आत राहिलेत. पण हे दुसरं मूल वाढत होतं ना, म्हणजे ते जगलं. दात जुना दिसतोय, पिवळा पडलाय. आता ते आमच्याएवढं असेल."

चूक होती. नवशिके हमखास करतात ती चूक. पडलेला दात एवढंच सांगतो, की त्या दिवशी मूल जिवंत होतं. दुसऱ्या दिवसाबद्दल तो चकार शब्द काढत नाही. हे बाई दरवर्षी ठणकावून सांगे. आताही वाक्य ओठांवर आलं. समोर मुलगी वाट पाहत उभी होती, आणि ठकी असती तर यंदा याच वर्गात, अशीच कुठेतरी उभी असती.

"बरोबर," बाई म्हणाली. "पूर्ण गुण."

संध्याकाळी नवऱ्यानं डबी उघडून दात पाहिला, मगच बोलला. "काय म्हणाली पोरं?"

"म्हणाली, हे मूल जगलं. आता कॉलेजात असेल."

"मग तू?"

"मी बरोबर म्हटलं."

तो तिच्याकडे पाहतच राहिला. ही बाई गुणांच्या बाबतीत काय चीज आहे, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यानं तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच ती त्याच्यासमोर मोठ्यानं रडली. रडता रडताच म्हणाली, "उद्या पोरांना सांगावं लागेल हो, उत्तर चुकीचं होतं म्हणून."

"सांग ना," तो म्हणाला. "पण उद्या सांग. आजच्या दिवस असू दे तिला कॉलेजात."