पाच दाण्यांचे आभार

सण आला की प्रत्येक घरात एकाच्या तरी अंगात येतं. इथे ते लोर्नाच्या यायचं. तिच्या माहेरी थँक्सगिव्हिंग, अमेरिकेतला आभार मानायचा सण, म्हणजे डबाबंद सूप आणि टीव्ही. त्याची भरपाई म्हणून लग्नानंतर तिनं घरगुती सणांची आणि रीतिभातींची पुस्तकं आणून फडताळ भरलं होतं. त्यांतलं अक्षर न् अक्षर ती पाळायची आणि इतरांना पाळायला लावायची. यंदा तर पाहुण्यांपुढे मिरवायला डार्सीही होती.

डार्सी बारा वर्षांची. तिची आई नशेपायी मुलीवरचा हक्क गमावून बसलेली, म्हणून ती मार्चपासून लोर्ना आणि कर्टिस या जोडप्याकडे राहत होती. येत्या सोमवारी बालकल्याण खात्याच्या बाई येऊन तिला विचारणार होत्या, "कायमची यांची मुलगी व्हायचंय का?" लोर्नाला मूल नव्हतं. पोरीच्या तोंडून 'आई' ऐकायला ती आसुसली होती, हे काही खोटं नाही.

टेबलावर सणाचा भाजलेला पक्षी, टर्की, आली. प्रत्येकाच्या रिकाम्या ताटलीत मक्याचे पाच वाळके दाणे होते. पुस्तकात लिहिलं होतं की पूर्वजांनी एक हिवाळा दिवसाला पाच दाण्यांवर काढला. त्यांची आठवण म्हणून एकेक दाणा बाजूला काढत एकेक आभार मानायचे, मग जेवायचं.

कर्टिसनं एका दमात उरकलं. "...आणि पाचवा, सासूबाई यंदा आल्या नाहीत त्याबद्दल!" सगळे खो खो हसले. लोर्नासुद्धा.

मग डार्सीची पाळी आली. "जेवणाबद्दल. खोलीबद्दल. कुत्र्याबद्दल." ती थांबली.

"आणि?" लोर्ना गोड हसली. "कोणी राहिलं का, राजा?"

"माझ्या आईबद्दल." डार्सीनं चौथा दाणा काढला.

लोर्नाचं हसू मावळलं. समोर नणंद बसली होती, कर्टिसची म्हातारी हेस्टरआत्या बसली होती. चारचौघांत ही शोभा! तिनं तो दाणा उचलून परत पोरीच्या ताटलीत टाकला.

"हा नाही धरायचा. तुला वाऱ्यावर सोडणारीचे कसले आभार? दुसरा सांग."

"सुचत नाहीये."

"मग सुचेपर्यंत बस. रीत म्हणजे रीत. बाकीच्यांनी सुरू करा, टर्की गार होतेय."

आणि सुरू केलं हो सगळ्यांनी! वाचकहो, आपणही केलं असतं. सणाच्या दिवशी वाईटपणा कोण घेतो? कर्टिस मान खाली घालून मांस कापत राहिला. नणंदेनं क्रॅनबेरीची चटणी मागितली आणि ती डार्सीच्या नाकासमोरून पलीकडे गेली.

हेस्टरआत्यानं मात्र काट्याला हात लावला नव्हता. "लोर्ना, पोरीला वाढ."

"आत्या, तुम्ही मध्ये पडू नका. तिला वळण नको? आठ महिने मी तिचं सगळं सगळं केलं!"

"आणि आता वसूल करतेयस. ताट अडवा असं तुझ्या पुस्तकात कुठे लिहिलंय, दाखव बरं मला. भुकेल्यांची आठवण काढायची रीत ही, आणि तीच पाळायला तू पोर उपाशी बसवलीस! अगं, आभार म्हणजे काय घरभाडं आहे?"

लोर्ना गोरीमोरी झाली, पण हटली नाही. "डार्सी, दोनच राहिलेत."

डार्सीनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"दाणे पाचच आहेत, याबद्दल आभार," ती म्हणाली. "आणि सोमवार येतोय, याबद्दल."

लोर्नाला सोमवारचा अर्थ कळला! तिनं घाईघाईनं पोरीची ताटली भरली. डार्सी निमूट जेवली आणि वाढलेल्या प्रत्येक पदार्थाला न चुकता 'थँक यू' म्हणाली.

सोमवारी तिनं त्या बाईंना 'नाही' सांगितलं. ती घर सोडून निघाली तेव्हा तिची बॅग लोर्नानंच बाईंच्या गाडीपर्यंत नेली.

"चुकलं माझं, डार्सी. तुझ्या आईचं नाव तू घेतलंस, ते मी ऐकून घ्यायला हवं होतं."

"थँक यू," डार्सी म्हणाली आणि तिनं काच वर केली.

लोर्ना आजही पुस्तकं बघून सण करते, पण आता आधी सगळ्यांना वाढते आणि मग ज्याला बोलायचंय तो बोलतो. हे शहाणपण तिला फार महाग पडलं. मंडळी, सण जरूर करा, रीती जरूर शिका. पण दारी आलेल्या लेकराला घास देऊन त्याच्याकडून माया मागू नका. वाटली तर ते देईल. नाही वाटली, तरी त्याचं ताट वाढायचंच.