लेमाबाई

त्या सकाळी शिंप्याच्या घरात इस्त्री तापली होती ती साहेबाच्या कोटासाठी. साहेब डोंगरापलीकडचा. आपल्या मुलखावर पिढ्यान्‌पिढ्या राज्य पलीकडचंच; खिंडीतलं बर्फ वितळलं की साहेब यायचा, पुन्हा पडायच्या आत परत जायचा. तेवढ्या उन्हाळ्यापुरती गावातली एखादी पोर त्याच्या बंगल्यावर पाठवायची रीत होती. साहेबाच्या बोलीत तिला ‘लेमा’ म्हणत. लेमा म्हणजे बायको, असं गाव समजायचं आणि वर ‘लेमाबाई’ म्हणून मान द्यायचं. थू असल्या मानावर!

साहेबाचा दुभाष्या दारातूनच ओरडला, “शिंपीदादा, तोंड गोड करा! यंदा लेमाचा मान तुमच्या घरी.”

“काय सांगता!” शिंपी हरखला. “अगं, ऐकलंस का?”

बायको आतून दाराशी आली. पोर मशीनवर अस्तर शिवत होती, तिचा पाय थांबला. “बाबा, मी नाही जाणार.”

“गप्प बस! आत्याकडे बघ जरा. लेमा होती म्हणून पाणवठ्यावर बाया अजून तिला वाट देतात.”

आत्या कोपऱ्यात काजं करत होती. तिचा साहेब परत गेल्यावर तिला कुणी मागणी घातली नाही, कोण घालणार? भावाच्या घरी काजं करता करताच केस पांढरे झाले. तिने सुई कापडात खोचली.

“दुभाषेबुवा, लेमाचा अर्थ सांगा.”

“अहो, अर्थ काय... बायको.”

“साफ खोटं! मी खिंड ओलांडून माझ्या साहेबाच्या दारात गेले होते. त्याची बायको नोकराला म्हणाली, लेमाला तबेल्यात बांध. मला वाटलं, मलाच म्हणतेय. तर नोकर खेचर घेऊन गेला. लेमा म्हणजे भाड्याचं जनावर. खिंडीपुरतं घ्यायचं, मग सोडून द्यायचं.”

शिंप्याने इस्त्री बाजूला ठेवली. “ताई, इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“काय बोलू? त्या एका शब्दावर वाट मिळत होती रे. नाहीतर दगड मिळाले असते.”

दुभाष्या हसला. हो, हसला मेला! “शब्दाचं काय घेऊन बसलात? माझ्या वडलांनीच लावला तो अर्थ. सगळ्यांचं भलंच झालं ना?”

पोरीने अर्धवट इस्त्रीचा कोट त्याच्या अंगावर फेकला. “साहेबाला सांगा, या घरात लेमा नाही. तबेल्यात शोधा म्हणावं.”

“शिपाई घेऊन येतो,” म्हणत तो गेला. आत्या घागर घेऊन तडक पाणवठ्यावर गेली.

“या, लेमाबाई,” बाया बाजूला सरल्या. तिने तिथेच उभं राहून अर्थ सांगितला. एकीच्या हातून भरली घागर सुटली.

शिपाई आले तेव्हा शिंप्याच्या दारात बायांची नुसती भिंत उभी होती. कुणी हलेना. शेवटी शिपाईच मागे फिरले.

सगळ्यांच्या पुढे होती ती घागर सुटलेली बाई. गेल्या उन्हाळ्यात लेक लेमा झाली म्हणून तिने गावभर साखर वाटली होती. ती साखर आपण सगळ्यांनी खाल्ली. पलीकडच्यांना शिव्या घालायच्या आधी ती थुंकून टाका.